साहेबांच्या सिगारचं कपाट

वाइन कूलरच्या काचेआड निळा दिवा लागला होता. आतल्या मागच्या भिंतीवरून पाण्याचे थेंब सावकाश ओघळत होते. मी बघत राहिले. आमचे साहेब निवृत्त होतायत. सिगार ठेवायला त्यांना असं कपाट हवंय, आणि ऑफिसतर्फे ते निवडायचं काम माझ्याकडे आलंय.

"हा नको, ताई," दुकानदार म्हणाला. "याचा कॉम्प्रेसर हवेतली ओल ओढून घेतो. सिगार सुकून तडकतील. शेजारचा बिनकॉम्प्रेसरचा आहे, तो घ्या."

आई हॉस्पिटलात शेवटचे श्वास घेत होती, तेव्हा याच साहेबांनी माझी रजा नाकारली होती. "ऑडिट उरकलं की जा," म्हणाले. मी पोचले तेव्हा ती गेली होती. ओठ सुकून तडकले होते. पाणी मागितलं असेल का तिने? कोणाकडे?

इतकी वर्षं वाटायचं, सूड म्हणजे आरडाओरडा, तोंडावर फेकलेला राजीनामा. तो असा निमूट, गार, निळ्या उजेडात माझी वाट बघत असेल असं कधी वाटलं नव्हतं. आणखी एक थेंब ओघळला.

"मग शेजारचाच ना, ताई?"

"नाही, हाच," मी म्हणाले. "आणि वर लाल रिबन बांधा."