शुक्रवारचं बंद शटर

ये पोरी, जवळ बस. वाचणार आहेस तू चाकणला तुझ्या खोलीवर, पण मावशी समोर बसलीय असं समज आणि मोबाइल पालथा ठेव. चार महिने झाले तुझं तोंड बघून. विचारलं की एकच, ‘रविवारी ओव्हरटाइम असतो.’ रागावलेय मी. पण मागच्या वर्षी मीच तुझ्या दोन पावलं पुढं होते, ते ऐक.

दिघीच्या घरी बसून मी रबरी सीलच्या वाढीव कडा कापते, हे तुला ठाऊक आहे. महाळुंग्याच्या वर्कशॉपचे मालक रफिकभाई टेम्पोनं पोतं टाकतात, कापून झालं की नेतात. तुझे काका गेल्यावर घर खायला उठायचं, म्हणून मी एकाची दोन पोती मागून घेतली, मग तीन. आधी बुधवारची प्रार्थनासभा सुटली, मग चर्चमधली रविवारची उपासना. पाळकसाहेब विचारपूस करायला आले, तर बोलतानाही माझी कात्री चालूच. देव समजून घेतो, असं मनाला सांगायचे. खरं तर हात थांबले की रडू येईल, ही धास्ती होती.

अशाच एका रविवारी अख्खं पोतं बिघडवलं. कडेबरोबर आतली तेल अडवणारी पातळ धारही कापून टाकली. एकही सील कामाचं राहिलं नाही. आता काम जाणार, मग त्या रिकाम्या घरात मी करू काय? शुक्रवारी रिक्षा करून पोतं घेऊन मीच महाळुंग्याला गेले. वाटभर एकच प्रार्थना, प्रभू, एवढं काम काढून घेऊ नकोस.

बघते तर शटर खाली. कंपनीचा माणूस माल न्यायला आलेला, चिडून म्हणाला, ‘नमाजला गेलेत. आमची लाइन थांबली तरी शुक्रवारी हा माणूस ऐकत नाही.’ मी पायरीवर बसले. किती महिन्यांनी हात रिकामे होते. रडू आलं. आलं आणि थांबलंही. काही झालं नाही मला.

रफिकभाई आले, शांतपणे त्याचा माल दिला, मग माझ्या पोत्यातली मूठभर सीलं हातात घेऊन बघत राहिले. मी म्हटलं, ‘रविवारी कापलीत, लक्ष नव्हतं.’

‘रविवारी?’ त्यांनी मान वर केली. ‘मावशी, माझा शुक्रवार सगळ्या महाळुंग्याला माहीत आहे. तुमचा रविवार मात्र मलासुद्धा कधी कळला नाही.’

प्रभूला जे सांगायचं होतं ते त्यानं त्यांच्या तोंडून सांगितलं, मी एवढंच म्हणेन. काम गेलं नाही. पण त्या दिवसापासून एकच पोतं घेते आणि शनिवारी ते घराबाहेर जातं. रविवारी मी उपासनेत पहिल्या बाकावर असते. माझ्या हातांवर घर उभं आहे असं वाटायचं मला. मी हात सोडले, तरी ते उभंच आहे. धरणारा दुसराच होता, आणि त्याचे आभार मानायलाही मला सवड नव्हती.

तुझ्या कारखान्याची लाइनही एक रविवार तुझ्यावाचून चालेल. नाही म्हणून बघ एकदा. उपासनेनंतर मटणाचा रस्सा टाकते, कात्री कपाटात ठेवते. या रविवारीच ये.