कॉम्प्युटरमधली फरदड

बार्शीटाकळीतल्या कृषी सेवा केंद्रात मी नोकरीला लागले, ते कपाशीवरच्या बोंडअळीचं वर्ष होतं. दुकानाचे मालक, सगळ्यांचे चाचा, बियाण्यासोबत लोकांचे पीकविम्याचे अर्जही भरून देत. त्यामुळे दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये गावोगावची आधार कार्डं, सातबारे, पासबुकं साठत गेली होती. अर्ज होऊन गेला तरी कोणी ती पुसून टाकत नसे. आधी दुकानात काम केलेल्या मुलांची कॉम्प्युटरवरची खातीही चालूच होती. त्यातला एक तर कधीचाच पुण्याला गेला होता.

मला हे पहिल्याच आठवड्यात दिसलं. पण अकोल्याच्या इंग्रजी शाळेत शिकलेली मी. काउंटरवर तोंड उघडलं की माझ्या मराठीला कोणीतरी हसेल, अशी धास्ती असायची. धीर करून एकदा विचारलं, जुनी खाती बंद करू का? चाचा दुखावल्यासारखे झाले. पुण्याचा पोरगा काही भांडून गेला नाही, ईदला अजून फोन करतो, त्याचं नाव कशाला काढायचं, असं त्यांचं म्हणणं. खाती तशीच राहिली.

हिवाळ्यात एका सकाळी त्याच मुलाच्या खात्यातून कोणीतरी आत येऊन गेल्याचं दिसलं. मी त्याला फोन केला. त्यानं ते खातं पुण्याला गेल्यापासून उघडलंच नव्हतं. म्हणजे पासवर्ड भलत्याच हाती लागला होता, आणि लोकांची कागदपत्रं त्याच्यासमोर उघडी होती.

चाचांना कसं सांगावं कळेना. ते तेव्हा एका शेतकऱ्याला रागावत होते. वेचणी संपूनही त्यानं कपाशीची पऱ्हाटी शेतात उभीच ठेवली होती, अजून थोडा कापूस निघेल म्हणून. आमच्याकडे याला फरदड म्हणतात.

"तुले मूठभर कापूस, अन् अळीले वर्षभराचं घर," चाचा म्हणाले. "उपटून टाक."

तो गेल्यावर मी म्हणाले, "चाचा, आपल्या कॉम्प्युटरमध्येही फरदड उभी आहे. आणि अळी आत शिरली."

ते हसले नाहीत. खुर्ची ओढून जवळ बसले आणि दाखव म्हणाले.

संध्याकाळपर्यंत आम्ही सगळे पासवर्ड बदलले, जुनी खाती काढली, काम झालेले कागद पुसले. चाचा एकेका गिऱ्हाइकाला फोन करत होते, दुकानाचं नाव सांगून कोणी ओटीपी मागितला तर देऊ नका म्हणून. दोघांना तसा फोन येऊन गेला होता. आवाज चाचांचा नाही, एवढ्यावरून त्यांनी तो ठेवून दिला होता.

पुढे दर महिन्याला चाचाच विचारायचे, बेटा, आतून झाडून घेतलं का? माझं बोलणं कोणी असं ऐकून घ्यावं, याचं मला अजून अप्रूप वाटतं. आज अनोळखी लोकांसमोर चार वाक्यं बोलते, ती त्या दुकानाची देणगी.

अमरावतीच्या नोकरीसाठी निघाले, त्या दिवशी मी काढून टाकायला माझंच खातं उघडून ठेवलं. चाचांनी चहा मागवला. बराच वेळ स्क्रीनवरच्या माझ्या नावाकडे पाहत राहिले.

"ईदले फोन करजो," म्हणाले. "आता काढ."