फणसाच्या पाठिंब्यावर पेरणी

चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकते. आमच्या पैऱ्याची यादी मी ठेवते, आणि यंदा त्या यादीत एक अट मी पुरती न विचारता लिहून घेतली.

पैरा म्हणजे आज सगळे तुमच्या शेतात, उद्या सगळे आमच्या. मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही. आमच्या वाडीत घरं चार. दादांकडे बैलजोडी आहे. त्यांचे चुलतभाऊ अण्णा, त्यांच्याकडे पेरायची कुरी आहे. तिसऱ्या घरच्या अज्जींकडे हात आहे: कुरीच्या चाड्यात, म्हणजे वरच्या वाटीत, भाताचं बी सोडताना त्यांची मूठ कधी दाट पडत नाही की विरळ पडत नाही. चौथं घर माझं. नवरा गोव्यात कामाला असतो, त्यामुळे शेताचं मीच बघते. पैऱ्याला मी दोन हात, सगळ्यांचं दुपारचं जेवण आणि वही देते.

माझं शेत सगळ्यांत खाली, ओढ्याला लागून. आम्ही भात धूळवाफेत पेरतो, पाऊस लागायच्या आधी, कोरड्या मातीत. दोन दिवस पाऊस झाला की माझ्या शेतात पाणी उभं राहतं, कुरीच्या नळ्या चिखलाने बुजतात आणि वर्षाचा भात गेला म्हणायचं. इतरांची शेतं उतारावर आहेत, त्यांना आठवडाभर कळ काढता येते. म्हणून यादीत दरवर्षी पहिला दिवस माझा. त्यावर कधी कुणी बोललं नव्हतं.

मग निवडणूक आली.

देशाची निवडणूक एरवी आमच्यापासून लांबूनच जाते. या वेळी चुरस एवढी होती की दोन्ही मोठ्या पक्षांची माणसं जीप घेऊन चार घरांपर्यंत आली. आश्वासनं मी वहीत लिहून घेतली. रस्ता: दोघांकडून. मोबाईलचा टॉवर: दोघांकडून. वाघ शेताकडे फिरकणार नाही: एकाकडून, तेही वाघाला न विचारता. अटीतटीची निवडणूक मला आवडते ती याचसाठी. एकाच पक्षाचं वारं असतं तेव्हा जीप अलीकडच्या बाजारकुणंग गावाहूनच माघारी वळते.

दादा सत्तेतल्या पक्षाचे, अण्णा विरोधातल्या. मतदान झालं आणि दुसऱ्या दिवशी दोघं माझ्या पडवीत येऊन बसले.

"वैनी, यंदा यादी अशी लिवा," दादा म्हणाले, "ज्याचा पक्ष जिंकंल त्याचा पयला दिवस."

"व्हय, लिवा," अण्णा म्हणाले. "आनि हरंल त्याचा शेवटचा. कळू दे जरा."

"आणि माझं शेत?"

"तुमचा दुसरा की," दादा म्हणाले. "एका दिसानं काय हुतंय?"

त्या महिन्यात दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. त्या आनंदात लिहून टाकलं. जिंकणं म्हणजे काय, हे विचारलं नाही.

अज्जींना मात्र विचारलं, तुम्ही मत कुणाला दिलं?

"फणसाला."

फणस हे एका अपक्षाचं चिन्ह होतं. उमेदवार कोण, कुठला, हे त्यांना ठाऊक नव्हतं. "त्या यंत्रावर खायचं तेवढं एकच हुतं," त्या म्हणाल्या.

निकालाच्या दिवशी आम्ही सगळे बसथांब्यापाशी गेलो, कारण रेंज तिथेच येते. दादांच्या फोनवर एक वाहिनी, अण्णांच्या फोनवर दुसरी. दुपारपर्यंत चित्र स्पष्ट झालं, म्हणजे अजिबात स्पष्ट नाही हे स्पष्ट झालं. दादांचा पक्ष सगळ्यांत मोठा, पण एकट्याला बहुमत नाही.

"जिंकलो!" दादा म्हणाले. "थोरला पक्ष आमचा."

"कसला थोरला? बहुमत कुठं हाय? तुमी घसरलासा, आमी वाढलोय. वाढतोय त्यो जिंकतोय."

"असं? मग तुजं रेडकू वाढतंय म्हून माज्या बैलापरास मोठं झालं व्हय रे?"

दोघांनी साखर वाटली. मी दोन्हीकडची घेतली आणि घरी येऊन वही उघडली. पहिल्या दिवसासमोर नाव लिहायला जागा होती, नाव नव्हतं.

पुढचे तीन दिवस दिल्लीत बैठका चालल्या आणि आमच्याकडेही. अणशी घाटाच्या बाजूला ढग जमू लागले. मी रोज सकाळी शेतात जाऊन माती मुठीत दाबून पाहत होते. अजून कोरडी होती.

अज्जींच्या मुठीशिवाय कुणाचंच शेत पेरून होणार नव्हतं, हे दोघांच्या एकदमच लक्षात आलं. दादा पानसुपारी घेऊन गेले. अण्णा सुकी मासळी घेऊन गेले. अज्जींनी दोन्ही ठेवून घेतलं.

"माजा पाठिंबा दोगास्नीबी हाय," त्या म्हणाल्या. "पन बाहेरनं."

"बाहेरनं म्हंजे कुठनं?" अण्णांनी विचारलं.

"बांधावरनं. मी बसून बघीन."

मग पहिला दिवस अर्धा-अर्धा वाटून घ्यायचं ठरलं. सकाळी कुणी, यावर ते मोडलं.

बातम्यांत सगळ्यांना एकच काळजी: आघाडी टिकेल का? मला त्यात घाबरण्यासारखं काही दिसत नव्हतं. बैल, कुरी आणि मूठ तिन्ही एकाच घरी असतील तर त्याला पैरा लागत नाही, त्याला गडी लागतात; आणि गडी म्हणून राबण्यात काय असतं ते आमच्या आधीच्या पिढीने पाहिलंय. बैलवाल्याला कुरीवाल्याच्या दारात जावं लागतं, हे मला देशासाठीही बरंच वाटतं. अट एकच, जावं वेळेत. ढग कुणाच्या बहुमताची वाट बघत नाहीत.

चौथ्या दिवशी मी वही घेऊन निघाले. आधी दादांकडे.

"अण्णांचा पहिला दिवस चालेल?"

"मेलो तरी न्हाई."

"अज्जींचा?"

"फणसाला सरकार देतासा व्हय?"

"माझा?"

"तुमी मत कुनाला दिलंय?"

"ते यादीत नाही."

"पन अण्णाच्या पक्षाचा दिवस न्हवं ना ह्यो?"

"नाही. ओढ्याकाठच्या शेताचा."

"मग चालंल."

अण्णांकडे हेच सगळं पुन्हा झालं, फक्त अण्णांच्या जागी दादा. म्हणजे तीन वर्षं मागे जा की दहा, पहिला दिवस मला पाण्यामुळे मिळायचा. यंदा मिळाला तो मी दोघांपैकी कुणीच नाही म्हणून. दिल्लीतही असे पंतप्रधान होऊन गेलेत. मी तक्रार केली नाही. तिथेच किमान समान कार्यक्रम लिहिला. एक, बैल येतील. दोन, कुरी येईल. तीन, अज्जी बांधावरून खाली उतरतील. त्यांची अट, जेवणात फणसाच्या आठळ्यांची आमटी. चार, दादा आणि अण्णा यांनी एकमेकांशी बोलण्याची सक्ती नाही. चौथं कलम दोघांनी वेगवेगळं मागितलं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच पेरणी सुरू झाली. पुढे दादा बैल धरून, मागे अण्णा कुरी दाबून, बाजूला चालत अज्जी बी सोडत, आणि शेवटी मी माती झाकत. पहिली ओळ निम्मी झाली आणि दादा म्हणाले, "पांढऱ्या, मागं सांग, कुरी दाब म्हनावं. बी वर ऱ्हातंय."

पांढऱ्या हा डावीकडचा बैल. नाव ऐकून तो थांबला.

"पांढऱ्या," अण्णा म्हणाले, "फुडं सांग, आदी तू सरळ चाल."

पांढऱ्या नुकताच पाऊल टाकत होता, तो पुन्हा थांबला.

"पांढऱ्या," अज्जी म्हणाल्या, "दोगास्नीबी सांग, माजी मूठ चुकतीया."

जेवणाच्या वेळेपर्यंत निम्मं शेतही झालं नव्हतं. ढग डोक्यावर आले होते, ओढ्याकडून गार वारा सुटला होता. बैल बिचारा हाकेला ओ देणारा, त्याला चौथं कलम कोण समजावणार? मी वही दादांपुढे उघडी धरली आणि म्हणाले, "चौथं कलम खोडू की शेत खोडू?"

दादांनी वहीकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. मग मागे न वळता म्हणाले, "अण्णा, दाब जरा."

"दाबतोय की," अण्णा म्हणाले. "तू हळू चाल."

पांढऱ्या न थांबता चालत राहिला.

शेवटची ओळ झाकून झाली तेव्हा थेंब पडायला लागले होते. दादा आणि अण्णा बांधावर उभे राहून उद्याचा दिवस कुणाचा यावर भांडत होते, समोरासमोर, जोरजोरात. अज्जी फणसाच्या वतीने मध्येच काहीतरी सुनावत होत्या. मी बियाण्याची रिकामी पोती डोक्यावर धरली, भिजू नये म्हणून वही पदराखाली घेतली आणि घराकडे निघाले.