गंजावरची गोळी

बयनाबाईला नवऱ्याच्या अकलेचा तिटकारा होता, आणि नार्नूरजवळच्या त्या गावात हे कोणापासून लपलेलं नव्हतं. उत्तमराव म्हणजे दीडशहाणा. डॉक्टर बोटभर बोलला, की हा हातभर ऐकायचा.

नव्वद सालानंतरची गोष्ट. उत्तमरावाला साखर निघाली, वर बीपी. आदिलाबादच्या डॉक्टरनं दोन्हींच्या गोळ्या लिहून दिल्या आणि बोलता बोलता सांगितलं, की साखरेची ही नवी गोळी रक्ताच्या नळ्यांना जणू गंज चढू देत नाही, म्हणून हृदयालाही बरी, असं काही जण म्हणतात. पण अजून पक्कं नाही. उत्तमरावानं ‘पक्कं नाही’ तेवढं गाळलं आणि बाकीचं गावभर सांगितलं.

बयनाबाईला साखर नव्हती. चढावर छाती धडधडायची, एवढंच. पण घरात वैद्य तयारच होता.

"घे हे. नळ्याइले गंज नाही लागत."

"मले काऊन? मले का साखर हाय?"

"तुले काय समजते? छातीची गोळी हाय हे!"

तो समोर उभा राहून गिळायला लावायचा. रोजच्या कटकटीला विटून ती गिळायची. गोळी घेतली की तो लगेच भाकरीला बसायचा. तिला मात्र ते जमण्यासारखं नव्हतं. नवरा जेवल्याशिवाय बाईनं तोंडात घास घालायचा नाही, ही त्या घराची रीत. सासूनं ती शिव्या देऊन अंगात मुरवली होती.

कापूसवेचणीच्या दिवसांत एकदा गोळ्या घेऊन झाल्या आणि उत्तमराव न जेवताच पारावर गेला. तिथं गावातल्या अमृतरावाशी वाद घालत, वर त्याचीच भजी खात बसला. ऊन डोक्यावर आलं. बयनाबाईचे हात कापू लागले, घामानं लुगडं भिजलं. भाकरीचं टोपलं समोरच होतं. तिनं हात लावला नाही. शेजारच्या भागीरथेला ती चुलीपुढं पडलेली सापडली.

उटनूरच्या दवाखान्यात सलाईनमधून साखर गेली, तेव्हा तिनं डोळे उघडले. तिथला डॉक्टर उत्तमरावावर तुटून पडला होता. "साखर नसलेल्या बाईला साखर उतरवायची गोळी? आणि वर उपाशी? मेली असती ती!"

आता तरी हा माणूस मान खाली घालेल, असं बयनाबाईला वाटलं. तो म्हणाला, "खाऊन घ्याचं होतं नं तिनं. म्या का हात धरला होता?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मरता मरता वाचल्याचं भय त्या एका वाक्यानं पार पुसून टाकलं.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी तिनं भाकरी थापल्या. तव्यावरची पहिली भाकर आपल्या ताटात घेतली, वर ठेचा वाढला आणि चुलीपुढंच जेवायला बसली. उत्तमराव आपली गोळी गिळून पाटावर ताटाची वाट बघत होता.

"मी जेवाचा राह्यलो अजून!" तो ओरडला.

तिनं घास नीट चावून गिळला.

"मंग जेवा नं. टोपलं तिथंच हाय. म्या का हात धरला तुमचा?"