टाकीवर चढलेला माणूस

त्या मृत्यूची बातमी मी दोनदा लिहिली. पहिली चार ओळींची छापून आली, दुसरी आलीच नाही.

मी भोकरदनला एका दैनिकाचं काम बघायचो, आजही बघतो. बाजारभाव, वाढदिवस, रास्ता रोको, अपघात. एका रविवारी फोन आला की, तालुक्यातल्या एका कॉलेजात प्रयोगशाळेचा परिचर पाण्याच्या टाकीवरून पडून गेला. पोलिसांना विचारलं, प्राचार्यांना विचारलं. दोघंही तेच बोलले: सुट्टी होती, स्वतःहून वर गेला, पाय घसरला. तसंच लिहून पाठवलं आणि जेवायला बसलो.

चार-पाच दिवसांनी त्याची बायको घर शोधत आली. सोबत बारावीतली मुलगी. आत या म्हटलं तरी दारातच उभी राहिली.

"भाऊ, तुम्ही छापलं ते खरं न्हाई," ती म्हणाली. "आमचे मालक माळवदावर बी चढत न्हवते. शिडीच्या दोन पायऱ्या चढले तरी चक्कर यायची त्यांना."

इतकी वर्षं या कामात काढल्यावर असं कुणी दारात आलं की आधी थकवाच येतो. सांगायला लाज वाटते, पण येतो. तरी गेलो.

प्राचार्यांनी चहा पाजला, हजेरीपट दाखवला. रविवारचा रकाना कोरा. टाकीच्या जिन्याला कुलूप होतं आणि किल्ली ऑफिसात राहायची. मग ती त्याला दिली कुणी, असं विचारलं, तर ते म्हणाले, सगळं पोलिसांना सांगितलंय. पोलीस म्हणाले, प्रकरण मिटलं. मी मनाशी काय काय जुळवत होतो. पेपरफुटी असेल, कुणाचं वैर असेल. चार चकरा झाल्या, हाती काही लागेना. गाडीवरून घरी आलो की कंबर धरायची.

शेवटी कॉलेजातला एक म्हातारा शिपाई बसस्टँडवर भेटला. जालन्याच्या गाडीची वाट बघत होता. बाकावर शेजारी बसलो, तर माझ्याकडे न बघताच बोलू लागला. सोमवारी तपासणीची समिती येणार होती, टाकी घाण होती आणि सांगून ठेवलेले मजूर आलेच नाहीत.

"तो म्हणला, मला न्हाई जमत. मंग साहेब म्हणले, उद्यापासून येऊ नको. चढला बिचारा. पाय लटलटा कापून राह्यले होते."

नावानिशी सांगाल का, असं विचारलं. तेवढ्यात गाडी लागली आणि तो चढून बसला.

म्हणजे वैर नाही, कारस्थान नाही. एक टाकी धुवायची होती, बस. मी दोन दिवस बसून सगळं लिहिलं. संभाजीनगरच्या ऑफिसातून निरोप आला की, नावानिशी बोलणारं कुणीतरी आणा.

म्हणून तिच्याकडे गेलो. ती सुपात डाळ निवडत होती. कॉलेजनं नवऱ्याच्या जागी तिला घेतलं होतं. मालक आपल्या मर्जीनं वर गेले, असं तिच्याकडून लिहून घेऊन.

"आता लिहू नका, भाऊ," ती म्हणाली. "पोरीचं शिक्षण होऊ द्या."

बरं म्हटलं. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. पण तिला कळायला हवं म्हणून शिपायाचं नाव न घेता ऐकलेलं सांगितलं. शेवटचं तेवढं सोडून. ती ऐकत राहिली. हात थांबले नाहीत.

मग तिनं विचारलं, "लई भ्याले होते का?"

"नाही," मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि मुलीला चहा ठेवायला सांगितलं. मी चहा पिऊन निघालो.

मुलगी पुढं जालन्याला नर्सिंगला लागली, असं कानावर आलं. कॉलेजच्या स्नेहसंमेलनाची बातमी दरवर्षी माझ्याकडेच असते. तिथं तिची आई लांबून नमस्कार करते, मीही करतो. मग पाहुण्यांचं भाषण सुरू होतं आणि मी वही उघडतो.