सातपूरचा नारळ आणि अमिनाचं फ्रेंच

शिंपीकाम करणाऱ्या कादरभाईंची अमिना पुण्याला विद्यापीठात फ्रेंच शिकायला गेली, तेव्हा जुन्या नाशकाला एकच काळजी लागली.

"कादरभाई, पोरगी फ्रेंच शिकून करणार काय?"

"बोलेल."

"कुणाशी?"

यावर कादरभाई सुईत दोरा ओवायला घेत. तो बराच वेळ ओवला जाई. प्रश्न रास्तच होता. फ्रेंच म्हणून नाशकाला ठाऊक होती ती फक्त दाढी.

एक्याऐंशी साली अमिना बी.ए. होऊन परतली आणि घरात काजं-बटणं करत बसली. मग सातपूरच्या एका कारखान्याने फ्रान्सहून मशीन मागवलं. ते बसवायला तिथले फ्रेंच इंजिनिअर मोरोसाहेब आले. दुभाषी म्हणून अमिनाला एका दिवसापुरतं बोलावलं. जमलं तर नोकरी, नाहीतर पुन्हा काजं.

सकाळ झकास गेली. दुपारी मशीन सुरू करायचं, तेवढ्यात फोरमन निवृत्तीने नेहमीच्या रिवाजाने त्याला हळदकुंकू वाहिलं आणि त्याच्याच पोलादी कडेवर खाडकन नारळ फोडला.

मोरोसाहेब लालबुंद! हातवारे करत बोलतच सुटले.

"काय म्हणतायत?" मॅनेजर खंडेराव.

"माझं मशीन फोडता? मी सुरू करत नाही, परत जातो, म्हणतायत."

"अगं मग सॉरी म्हण!"

"सॉरी कशाला?" निवृत्ती उसळला. "नारळाबिगर पोरं हात लावायची नाय मशीनला!"

अमिनाने सॉरी म्हटलं नाही. विद्यापीठात बाईंनी फ्रेंच लोकांच्या चालीरीती शिकवल्या होत्या. तेव्हा सगळ्या वर्गाने जांभया दिल्या होत्या, पण एक गोष्ट तिच्या डोक्यात राहिली होती. ती फ्रेंचमध्ये म्हणाली, "साहेब, तुमच्याकडे नवं जहाज पाण्यात सोडताना त्यावर शॅम्पेनची बाटली फोडतात ना? आमच्या गोदावरीत जहाज मावत नाही, म्हणून आम्ही मशीनवर भागवतो. शिवाय नारळ नंतर खाता येतो."

साहेब असे हसले की निवृत्तीही दचकला.

"आता काय म्हणतायत?"

"दुसरा नारळ आहे का, विचारतायत. त्यांना स्वतः फोडायचाय. पण जमिनीवर."

साहेबांचा नारळ बऱ्याच फटक्यांनी फुटला. मशीन मात्र पहिल्याच बटणाला सुरू झालं. खंडेराव तोंडातलं खोबरं न गिळताच म्हणाले, "अमिनाबाई, उद्यापासून या."

पुढे शहाऐंशीत कारखान्याने नव्या मशीनच्या खरेदीसाठी तिला थेट पॅरिसला धाडलं. कादरभाईंनी ओव्हरकोट शिवला आणि मे महिन्याच्या भर दुपारी नाशिकरोड स्टेशनवर तिला तो घालायलाच लावला.

"अब्बा, गर्मी हो रही है!"

"होने दे. लोग देख रहे हैं."