वरवंट्याचा तांबडा

आमच्या यांना दगडांचं वेड होतं. गल्लीतले लोक यांना चितारी म्हणत, आणि माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणायचे, त्या खुळं म्हणत. हे लोंढ्याच्या रेल्वे शेडात फिटर होते. शनिवारी खासबागेत घरी आले की पिशवीतून भाजी निघायची नाही. निघायचे मोडके पत्रे, इंजिनाची काजळी आणि मालगाडीतून रुळांवर सांडलेले खनिजाचे दगड. लढाईमुळे विलायती रंग बाजारातून गायब झाले होते. म्हणून हे दगड कुटून, जवसाच्या तेलात कालवून, घासलेटच्या डब्यांच्या पत्र्यावर चित्रं काढीत. देवादिकांची नव्हेत, शेडची, मालगाडीच्या वाघिणींची, पाणी पिणाऱ्या म्हशीची.

आत्याबाईंनी एकदाच बजावलं होतं, "माझ्या सैपाकघरात कशालाबी ही घाण लागली, तर समदं पोतं हिरीत टाकीन." त्या बोलतील ते करीत. त्या पोत्यात यांची सात-आठ वर्षांची जमवाजमव होती.

मी घाबरट नाही, पण आगाऊ आहे. पोत्यात एक काळाकुळकुळीत, चकाकणारा दगड होता. हे म्हणत, याच्या पोटात तांबडा आहे. काळ्या दगडात तांबडा कुठून येणार, या विचारानं मला चैन पडेना. यांच्या लोखंडी खलात त्याचा नुसता रवाळ, मळकट भुगा व्हायचा. रंग काढायचा तर तो गंधासारखा बारीक वाटायला हवा होता, आणि तसं वाटणारी वस्तू घरात एकच होती. आत्याबाईंचा पाटा-वरवंटा, तीस वर्षं त्यांच्या हाताखाली झिजलेला.

आत्याबाई निपाणीला लेकीकडे गेल्या. मला दुसऱ्या खेपेचा सातवा महिना होता. यांना न विचारता मी खलातला भुगा पाट्यावर घेतला, पाणी शिंपडलं आणि वाटायला बसले. थोड्या वेळात पाणी लाल झालं. दिसतं तसं नसतं हे लहानपणापासून ऐकत होते, पण डोळ्यांनी त्या दिवशी पाहिलं. तासभर वाटतच राहिले. हे आले, वाटीतला रंग बघून हरखले, मग त्यांची नजर पाट्यावर गेली.

"काय केलंस गं हे? आईला कळलं तर?"

राख, चिंच, नारळाचा काथ्या, सगळं लावून मी तीनदा घासलं आणि उन्हात वाळवलं. दगड पहिल्यासारखा काळा दिसू लागला. पुढे दोन महिने त्यावर चटणी वाटली. ती मुळातच लाल, कुणाला काय कळणार?

मुलगी झाली. बारशाला पाळण्यात बाळाच्या आधी वरवंटा घालतात, त्याला बाळासारखंच न्हाऊमाखू घालून, अंगडं-टोपडं चढवून. बाळ दगडासारखं टिकावं म्हणून. हे मी विसरले नव्हते. विसरले होते ते एवढंच, की त्याला तेल चोळतात. आणि तेल लागलं की हा रंग खुलतो, हे मी यांच्या वाटीत कितीदा तरी पाहिलं होतं.

आत्याबाईंनी कोमट तेल चोळलं, पांढरं अंगडं चढवलं, आणि बघता बघता त्यावर तांबडा डाग फुटला.

शेजारची म्हातारी म्हणाली, "अगं बया, वरवंट्याला रगात कुठलं?"

बायका पाळण्यावर वाकल्या. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराशी उभ्या असलेल्या यांच्याकडे.

"रगात न्हवं," त्या म्हणाल्या. "आमच्यात लेकीच्या बारशाला वरवंट्याला कुंकू चोळत्यात. ठावं न्हाय व्हय तुला?"

असली रीत आमच्यात कधीच नव्हती. पुढे गल्लीतल्या दोन घरांनी मात्र ती उचलली.

बायका गेल्यावर आत्याबाई यांना म्हणाल्या, "पोतं आण."

"मी वाटलंय, आत्याबाई," मी म्हणाले. "यांना ठावं न्हवतं."

"आण म्हंते न्हवं."

यांनी खाली मान घालून पोतं आणलं. बाळंतिणीनं रडू नये म्हणतात, मी रडले. आत्याबाईंनी पोत्यात हात घालून काळा दगड काढला, खलात कुटला आणि पाट्यावर घेतला. पाणी लाल झालं तशा थबकल्या. पुन्हा वाटू लागल्या. मग चिमटीत घेऊन चोळून पाहिलं.

"तू किती येळ वाटलंतंस?"

"तासभर."

"मग कचकचणारच. चटणीबी अशीच वाटतीस तू."

स्वयंपाकाला नवा पाटा आला. जुन्यापाशी आत्याबाई रंग वाटायला बसत, आणि यांचा तांबडा शेवटपर्यंत त्यांनीच वाटला.

त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. हे अजून पत्रे रंगवतात. तांबडा मी वाटते, त्याच वरवंट्यानं, दोन-दोन तास. हे बोटावर घेऊन छान झालाय म्हणतात. मी चिमटीत घेऊन चोळते. कचकचतोच.